रुक्मिणीचं माहेर, आणि माझं

माझी माय साडीला शेवटपर्यंत लुगडंच म्हणायची, मग ती पाचवारी का असेना. दर दिवाळीला एक लुगडं मला यायचंच. कापसाचा पैसा हाती आला नसला तर उधारीनं. "काहून वं माय एवढा खर्च?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रुक्मिणीलेबी माहेरून लुगडं जाते. तू का तिच्यापरीस मोठी लागून गेली?"

तिचं खरंच होतं. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी जाते, परंपरा १५९४पासूनची सांगतात, आणि लेकीसाठी साडीचोळी सोबत असते.

माय गेल्या उन्हाळ्यात गेली. पेटीत माझ्यासाठी घेऊन ठेवलेलं एक हिरवं लुगडं निघालं, घडी न मोडलेलं. ते रुक्मिणीला वाहायचं ठरवलं. कार्तिकातल्या दहीहंडीची गर्दी ओसरल्यावर अमरावतीहून निघाले. लेक पुण्याहून सुटीवर आली होती. "एसटीनं नको, मी नेते," म्हणाली. गाडी बरी चालवते. मीच उगाच पायानं ब्रेक दाबत बसते.

मोझरीवरून गेलो. कुऱ्ह्याचा सरळ रस्ता आहे, पण तुकडोजी महाराजांच्या समाधीला हात जोडल्याशिवाय माय पुढे जात नसे. १९६८ला महाराज गेले तेव्हा ती परकरातली पोर होती; त्या दिवशी गावात चूल पेटली नाही, एवढं सांगायची.

कुऱ्ह्याकडे वळलो आणि दोन्ही अंगांनी पांढरं शेत. कमरेला ओटी बांधून बाया वेचत होत्या. मी लेकीला सीतादहीचं सांगितलं. पहिल्या वेचणीला माय धुऱ्याजवळच्या झाडाला हळदकुंकू लावायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, मगच बोंडाला हात.

"पण सीताच का?" लेकीनं विचारलं.

पन्नाशी ओलांडली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता विचारायचं कोणाला?

माझ्या गावाचा फाटा आला. तिनं वेग कमी केला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कुलूप बघायला कशाला जायचं?

देऊळ उंचावर आहे, खाली वर्धा, पलीकडे आर्वीचा मुलूख. खणानारळानं ओटी भरली. पिशवीतून लुगडं काढलं आणि हात तिथंच थांबला. पुजारी वाट पाहत होते, मागे दोन बाया. लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, तिला दरवर्षी जातं. तुला आता कोण पाठवणार? ठेव ते."

बोलून गेली आणि स्वतःच गप्प झाली. मी लुगडं परत पिशवीत घातलं. रुक्मिणीला काही वाटलं नसावं, माहेरवाशीणच ती.

घाटाच्या पायऱ्यांवर बसून झुणका-भाकर खाल्ली. मला ठसका लागला तशी बाटली पुढे करून म्हणाली, "आधी पाणी पी. सकाळपासून घोटभर प्यायली नाहीस." मायही अशीच दटावायची, "पाणी पेऊन घे," पण तिचा आवाज याहून चढा.

परतताना लुगडं मांडीवर होतं.

"याची घडी तू मोड," मी म्हटलं.

"मला कुठे नेसता येतं?"

"मी नेसवते की."

"नऊवारी आहे?"

"पाचवारी. पण लुगडंच म्हणायचं."