बसच्या टाइमटेबलचा सर्व्हर आणि वर्गणीचा हिशोब

आम्ही काही जण मिळून बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या बसचं टाइमटेबल दाखवणारी एक छोटी साइट चालवतो, कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बघता-वापरता येणारा, डेटा पण खुला. इकडची वायव्य कर्नाटकची बस आणि तिकडची एसटी एका जागी दिसतच नाहीत, म्हणून स्टँडवरच्या बोर्डाचे फोटो काढून पोरं वेळा टाइप करतात. हे सगळं फुकट, पण सर्व्हर फुकट नाही ना.

आधी भाडं माझ्याच कार्डावरून जायचं. महिन्याला बारा डॉलर, मग त्यावर १८ टक्के जीएसटी, वर डॉलरमध्ये भरतो म्हणून कार्डाचं साडेतीन टक्के जादा शुल्क, म्हणजे मार्कअप, आणि त्या मार्कअपवर परत जीएसटी! त्यात ऑक्टोबर २०२१ पासून ऑटो-डेबिटचे नियम कडक झाले, तेव्हापासून बाहेरच्या कंपनीचं बिल काही माझ्या कार्डावरून आपोआप कटेना, दर महिन्याला लक्षात ठेवून हातानं भरायचं. तरी चाललं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून राडा झाला, एसटीच्या कर्नाटकात येणाऱ्या गाड्या थांबल्या आणि ज्याला त्याला 'आज गाडी हाय काय' एवढंच बघायचं होतं, त्या महिन्याचं बँडविड्थचं, म्हणजे सर्व्हरवरून किती डेटा गेला त्याचं, बिल बघून ग्रुपवर सगळेच गप्प. सौंदत्तीच्या यात्रेला पण असंच होतं, पण ते निदान आधी माहीत असतं.

मग वर्गणी काढायचं ठरलं. पैसे द्यायला लोक तयार होते हो, अडलं ते पैसे घ्यायचे कुणाच्या नावावर यावर. मित्राचे वडील सीए आहेत, टिळकवाडीत ऑफिस, त्यांच्याकडे गेलो. काकांनी चहा मागवला आणि एकेक दार बंद करत गेले. सोसायटी काढायची तर कर्नाटकच्या कायद्यात सात माणसं लागतात, ती मिळतील, पण आमचे निम्मे लोक चंदगड-कोल्हापूरकडचे, आणि "दरवर्षी ऑडिट, रिटर्न, मीटिंगचा कागद कोण करणार सांग की? बारा डॉलरसाठी?" माझ्या खात्यात घेतले तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर आले की सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. आमचं तेवढं होणारच नाही, पण माहीत असलेलं बरं.

अजून एक गुंता. जर्मनीतल्या एकाला आमचा कोड आवडला, तो पैसे पाठवतो म्हणाला. काका म्हणाले, "नको रे बाबा, तो परदेशी नागरिक, परदेशी देणग्यांचा कायदा आहे ना, एफसीआरए, त्याचं लफडं मागं लावून घेऊ नको." आमचा एक वर्गमित्र अमेरिकेत आहे, पण पासपोर्ट अजून भारताचाच, त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले तर ते परदेशी देणगीत येत नाही. त्याचे घेतले, जर्मनीवाल्याला म्हटलं तू बग दुरुस्त कर, त्यानं खरंच केले.

मोठ्या फंडाचा पण विचार झाला. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टना पैसे देणारा फ्लॉस फंड काढलाय, वर्षाला दहा लाख डॉलर, पण एका प्रोजेक्टला कमीत कमी दहा हजार डॉलर. आमची गरज त्यापुढं चहापाण्याची, तेवढे पैसे घेऊन आम्ही करणार काय?

दरम्यान बिलच कमी करता येतंय का ते बघितलं, आणि माझ्या मते हेच आधी बघावं. साइटवरचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. त्याचे तुकडे (टाइल) पुरवणारे सर्व्हर स्वतःच देणगीवर चालतात, त्यांच्यावर आपला भार टाकणं बरोबर नाही, म्हणून नकाशा आमच्याच सर्व्हरवरून जायचा आणि बँडविड्थ तोच खायचा. आता फक्त आपल्या पट्ट्याचा नकाशा सगळे तुकडे एकत्र ठेवणाऱ्या एका पीएमटाइल्स फाइलमध्ये काढून क्लाउडफ्लेअर कंपनीच्या आर-टू या फाइल साठवायच्या सेवेवर ठेवलाय, तिथं १० जीबीपर्यंत साठवणूक फुकट आणि डाउनलोडला पैसे नाहीत. वेळापत्रकाची पानं पण आधीच बनवून ठेवतो, म्हणजे दर वेळी सर्व्हरला ती नव्यानं बनवावी लागत नाहीत. आता सगळ्यात लहान सर्व्हर पुरतोय.

उरलेल्या खर्चासाठी दोघांच्या नावावर वेगळं सेव्हिंग खातं उघडलं. दोघांच्या सह्या लागतील असं ठेवणार होतो, पण मग यूपीआय चालत नाही, म्हणून 'दोघांपैकी कोणीही' केलं आणि त्याऐवजी पासबुकाची नोंद दर महिन्याला शीटमध्ये सगळ्यांना दिसेल अशी टाकायची ठरली. क्यूआर स्कॅन केला की माणसाचं नाव येतं, साइटचं नाही, त्यामुळं निपाणी स्टँडसमोरच्या चहावाल्या मामांनी स्टिकर लावायच्या आधी विचारलंच, "हे कोण? तुझं नाव कुठाय ह्यात?" मग स्टिकरखाली दोघांची नावं आणि शीटचा पत्ता छापून आणला, झेरॉक्सवाल्यानं लॅमिनेशनचे पैसे घेतले नाहीत, ती पण वर्गणीच समजायची.

पैसे दहा, वीस, पन्नास असेच येतात. जास्त करून कॉलेजची पोरं आणि खानापूरहून रोज अप-डाउन करणारे. कंपनीवाल्या एकानं एकदम मोठी रक्कम देतो, पण वर लोगो लावा म्हटलं, त्यावर ग्रुपमध्ये भांडण झालं आणि शेवटी नको म्हणालो, मला अजूनही वाटतं घ्यायला हरकत नव्हती.

सर्व्हरचं आता वर्षाचं एकदम भरतो, महिन्याची कटकट नाही. यंदा उरले त्यातून डोमेन पाच वर्षांसाठी रिन्यू केलं, त्याची पावती शीटमध्ये आहे.