उद्धरणांत न मोजला जाणारा वाचक

'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' मी पदव्युत्तर शिक्षणापासून वाचत आलो आहे. मात्र स्वतः एकही शोधनिबंध न लिहिल्यामुळे त्याच्या उद्धरणसंख्येत, म्हणजे इतर निबंधांनी त्याचे किती संदर्भ दिले त्या मोजणीत, माझ्यामुळे एकाचीही भर पडलेली नाही. अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेचे हे नियतकालिक १९५३ पासून निघते. त्याची योग्यता विचारली की हल्ली पहिल्यांदा इम्पॅक्ट फॅक्टर सांगितला जातो.

हा आकडा काढण्याची रीत साधी आहे. मागील दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला चालू वर्षी मिळालेली उद्धरणे मोजायची आणि त्या दोन वर्षांतील शोधनिबंध व आढावालेखांच्या संख्येने त्यांना भागायचे. गोम अशी की संपादकीये आणि वाचकांची पत्रे भाजकात धरत नाहीत, परंतु त्यांना मिळालेली उद्धरणे भाज्यात येतात; असा भागाकार आमच्या गणिताच्या सरांनी चालवून घेतला नसता. शिवाय काचबिंदूसारख्या आजारात रुग्णांचा पाठपुरावाच पाच-पाच वर्षे करावा लागतो, तेथे दोन वर्षांची मुदत तोकडी पडते.

जुलै २०२१ मध्ये याच नियतकालिकात कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिस या डोळ्यापर्यंत पसरणाऱ्या बुरशीजन्य आजाराच्या देशभरातील २,८२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि ८७ टक्के रुग्णांना स्टेरॉइड दिले गेले होते. महाराष्ट्रात त्या काळात डोळा वाचवावा की जीव, असा प्रश्न घेऊन नातेवाईक दारात उभे असत. निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येत होता, म्हणून तो त्याच आठवड्यात माझ्या हाती पडला, आणि कोविडमधून उठलेल्या प्रत्येकाची साखर तपासणे व स्टेरॉइड किती दिवस घेतले हे विचारणे हा माझ्या ओपीडीचा नेम झाला. या निबंधाला पुढे उद्धरणेही मिळाली, पण माझा नेम त्यांत कोठून दिसणार?

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील मोतीबिंदूविषयक काम याच्या उलट वाटेने गेले. फेको (ध्वनिलहरींच्या यंत्राने मोतीबिंदू फोडून काढण्याची शस्त्रक्रिया) आणि लहान छेदाची हाताने करावयाची शस्त्रक्रिया यांची तेथे झालेली तुलना २००५ मध्ये अमेरिकेतील 'ऑप्थॅल्मॉलॉजी'त छापून आली. दोन्ही पद्धती सुरक्षित व परिणामकारक ठरल्या, आणि दुसरी स्वस्त पडते हे त्याच गटाने २००७ मध्ये दाखवले. परदेशी नियतकालिकाचे वजन मोठे असते, त्यामुळे लेखकांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. तरीही ज्यांना हा निष्कर्ष सर्वाधिक उपयोगी, ते जिल्ह्याच्या गावी शिबिरे घेणारे डॉक्टर त्या नियतकालिकाची वर्गणी भरणारे नव्हते. मला त्याची छायाप्रत एका शिबिरात सहकाऱ्याने दिली. ती शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात अजून आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणारे तरुण डॉक्टर ती मागून नेतात.