आमची वाटचाल: रूट टच-अपपासून बॅलयाजपर्यंत

मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी मिळून सलून सुरू केलं तेव्हा दिवसभराचं बहुतेक काम एकाच प्रकारचं असायचं: रूट टच-अप, म्हणजे मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना पुन्हा रंग लावणं. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे चार-पाच आठवड्यांत भांगाशी पांढरी रेघ दिसू लागते आणि क्लायंट परत येते. या कामाचा अनेक स्टायलिस्टना कंटाळा येतो. आम्ही मात्र धंद्याचा पाया त्यावरच घातला, आणि आजही नवीन मुलगी कामाला लागली की सुरुवातीला तिच्याकडे हेच काम देतो. पांढऱ्या केसात स्वतःचं रंगद्रव्य नसतं, त्यामुळे वाटीत काय कालवलंय ते तो लगेच दाखवून देतो. नुसती फॅशन शेड लावली तर ती भडक आणि पारदर्शक दिसते. तिच्यात नॅचरल मालिकेतला, म्हणजे साध्या नैसर्गिक रंगाचा, बेस मिसळला की मगच ती भरीव बसते. टणक पांढऱ्या केसाला साधारणपणे २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्क्यांचा डेव्हलपर (रंगात मिसळायचं हायड्रोजन पेरॉक्साइड) लागतो, आणि पाकिटावर दिलेला पूर्ण वेळही द्यावाच लागतो. घाईने लवकर धुतलेला रंग त्या दिवशी छान दिसतो आणि काही धुण्यांतच फिका पडतो.

हायलाइटची मागणी वाढली तेव्हा आम्ही दोन वस्तू विकत घेतल्या: स्वयंपाकघरात वापरतात तसा डिजिटल वजनकाटा आणि कार्डांचा गठ्ठा. आमच्या धंद्याला वळण लावलं ते या दोन वस्तूंनीच, असं मी आजही मानते. तोवर ट्यूब पिळायची, डेव्हलपर डोळ्यांनी मोजायचा, अशीच या व्यवसायातली सर्वसाधारण रीत होती. आम्ही ठरवलं की अंदाजपंचे काही कालवायचं नाही. प्रत्येक क्लायंटच्या कार्डावर तिची नैसर्गिक लेव्हल (केस किती गडद याचा आकडा), पांढऱ्या केसांचं प्रमाण, आधी लावलेले रंग, मेंदी, स्ट्रेटनिंग, पॅच टेस्टची (आधी त्वचेवर थोडा रंग लावून अ‍ॅलर्जी तपासण्याची) तारीख, मिश्रण ग्रॅममध्ये, डेव्हलपर, वेळ आणि शेवटी मिळालेला रंग, हे सगळं लिहायचं. सहा महिन्यांनी क्लायंट येऊन म्हणते, "ताई, मागच्या वेळसारखंच करा." तेव्हा ते तसंच होतं, आणि त्या दिवशी खुर्चीमागे कोण उभं आहे यावर ते अवलंबून राहत नाही.

लेव्हलचा हिशेब आम्ही सगळ्यांकडून घोटून घेतो. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सर्वांत फिका सोनेरी. गडद केस ब्लीचने उजळताना एकदम सोनेरी होत नाही. वाटेत लाल, मग नारिंगी, मग पिवळा, असे टप्पे पार करतो. लेव्हल ६ च्या आसपास नारिंगी उरतो, ८ ला पिवळा, आणि १० ला केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा अगदी फिकट पिवळा. टोनर, म्हणजे ब्लीचनंतर छटा बदलायला लावायचा रंग, निवडायचा तो या उरलेल्या रंगावरून. नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा. नारिंगीवरच थांबलेल्या केसाला जांभळा टोनर लावून राखाडी छटा कधीच मिळणार नाही, कारण टोनर केस उजळवत नाही, फक्त आहे त्याची छटा बदलतो. प्रशिक्षणाला येणाऱ्या स्टायलिस्टना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते. ब्रासी, म्हणजे नको तेवढ्या नारिंगी-पिवळ्या, दिसणाऱ्या बहुतेक हायलाइटमध्ये गडबड टोनरची नसते, ब्लीच लवकर धुतल्याची असते.

फॉइलच्या कामाने, म्हणजे ब्लीच लावलेल्या बटा फॉइलमध्ये गुंडाळण्याने, आमची कामाची पद्धतच बदलली. विव्हिंगमध्ये टेल कोंबच्या टोकाने बारीक बटा उचलायच्या, स्लाइसमध्ये सलग पातळ थर घ्यायचा. पहिल्याने रंग केसांत मिसळून जातो, दुसऱ्याने ठळक पट्टा दिसतो. हे हात बसला की जमतं. खरी अडचण वेळेची असते. पहिलं आणि शेवटचं फॉइल यांत तासाभराचं अंतर पडलं तर एकाच डोक्यावर दोन लेव्हल दिसतात. म्हणून दोन जणींनी एकाच क्लायंटवर दोन बाजूंनी काम करायचं, असा नियम आम्ही केला. सुरुवात मागून, मानेकडून, कारण तिथले केस बहुधा जास्त गडद असतात आणि उजळायला वेळ घेतात. चेहऱ्यालगतचे बारीक केस लवकर उजळतात, म्हणून ते शेवटी, आणि तेही कमी ताकदीच्या डेव्हलपरने. फॉइलमध्ये ब्लीच फुगतं, त्यामुळे मुळाशी थोडी जागा सोडायची. नाहीतर ते बाहेर गळून ठिपके पडतात. एका वेळी दोन जणी अडकल्याने दिवसाला क्लायंट कमी होतात. तरी तो नियम आम्ही मोडला नाही.

पुढे फोटो घेऊन येणाऱ्या क्लायंट वाढल्या आणि बॅलयाज आलं. हे तंत्र मूळचं फ्रान्समधलं, उघड्या केसावर ब्रशने रंगवायचं. मिश्रण दाट हवं, ब्रशवरचा दाब वर हलका आणि टोकाकडे भरपूर हवा. पण उघड्यावर ब्लीच वाळतं, आणि वाळलं की त्याचं काम थांबतं. म्हणून लेव्हल ३-४ च्या केसाला खूप फिकी टोकं हवी असतील तर आम्ही हाताने रंगवून वर फॉइल लावतो. धंद्याच्या बाजूनेही यात एक फरक पडला. रूट टच-अपची क्लायंट दर महिन्याला येते, तर बॅलयाजची तीन-चार महिन्यांनी, कारण मुळं वाढली तरी वाईट दिसत नाहीत. त्यामुळे मधल्या काळात टोनर, ग्लॉस आणि कंडिशनिंगच्या भेटी ठरवायला आम्ही शिकलो. त्या क्लायंटच्याही फायद्याच्या असतात, कारण ब्लीच केलेला केस सच्छिद्र होतो आणि टोनर हळूहळू धुऊन जातो.

दुसरीकडे बिघडलेला रंग सुधारून घ्यायला लोक येऊ लागले ते साहजिकच होतं. हे काम मला सर्वांत आवडतं, आणि याच कामात आम्ही सर्वाधिक वेळा "आज नाही" म्हणतो. वर्षानुवर्षं काळा रंग लावलेल्या केसावर फिका रंग चढवून तो उजळत नाही. रंगाने रंग निघत नाही, आधी जुना काढावा लागतो. धातूचे क्षार मिसळलेली मेंदी लावलेली असेल तर डेव्हलपरशी संयोग होऊन केस तापू शकतो आणि तुटूही शकतो. म्हणून आधी एका लपलेल्या बटेवर स्ट्रँड टेस्ट करतो. ओला केस ताणून पाहतो: निरोगी केस थोडा लांबून परत येतो, ब्लीचने थकलेला रबरासारखा लांबत जातो आणि तुटतो. असा केस असेल तर त्या दिवशी ब्लीच नाही, मग समोरचीने कितीही आग्रह केला तरी.

पॅच टेस्टबाबतही आम्ही तितकेच ठाम आहोत. कायमस्वरूपी रंगांत बहुधा पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन हे रसायन) किंवा त्याच जातीचा घटक असतो, आणि त्याची अ‍ॅलर्जी आधी कधीही त्रास न झालेल्या व्यक्तीलाही होऊ शकते. रंग लावण्याच्या ४८ तास आधी टेस्ट करायची, हा नियम सांगितल्यावर काही जणी परत गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. ते गिऱ्हाईक गेल्याचं मला दुःख नाही. हाच धोका स्टायलिस्टच्या हातांनाही असतो. रोज रंगात हात घालणाऱ्या मुलींना त्वचारोग झाला तर काम सोडावं लागतं, म्हणून आमच्याकडे रंग धुतानाही नायट्राइलचे हातमोजे सक्तीचे आहेत. भांडी प्लास्टिकची, कालवायची जागा खिडकीपाशी.

प्रशिक्षण सुरू केलं ते शेजारच्या सलूनमधल्या मुली विचारायला येऊ लागल्या म्हणून. आम्ही त्यांना आधी क्लायंट देत नाही. कापलेल्या केसांच्या बटा जमवून ठेवलेल्या असतात: न रंगवलेल्या, रंगवलेल्या, मेंदी लावलेल्या. एकाच ब्लीचने तिन्ही बटा शेजारी शेजारी उजळवायच्या आणि पाच-पाच मिनिटांनी पुसून पाहायच्या. तिन्हींचा वेग वेगळा, थांबण्याची जागा वेगळी. हा एक धडा झाला की फॉर्म्युला मागणाऱ्या मुली प्रश्न विचारू लागतात, आणि तिथून शिकवणं सोपं जातं.

सध्या आम्ही कुरळ्या केसांवर लक्ष दिलं आहे. सरळ केसासाठी आखलेले सेक्शन इथे चालत नाहीत, कारण कुरळा केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की आखडतो. ओल्यावर बरोबर वाटलेला पट्टा भलत्याच जागी जाऊन बसतो. म्हणून केस नेहमीसारखे वाळवून, एकेक कुरळी बट जशी पडते तशीच हाताने रंगवतो. वळणांवर हा केस मुळातच नाजूक असतो, त्यामुळे २० व्हॉल्यूमच्या वर आम्ही जात नाही आणि वेळ जास्त देतो. या कामाची कार्डं वेगळ्या पेटीत ठेवतो आहोत. पुरेशी जमली की त्यांवरून शिकवण्याचा पुढचा वर्ग आखायचा आहे.