टेलिकन्व्हर्टर आणि दीड मीटरवरचा चतुर

माझ्याकडे निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ लेन्स आहे (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान आणि प्रकाश कमी) आणि तिच्याबरोबर वापरायला १.४ पट आणि २ पट असे दोन टेलिकन्व्हर्टर आहेत. दोन्ही मी दूरचे पक्षी टिपण्यासाठी घेतले होते. प्रत्यक्षात त्यांचे खरे मोल मला जवळच्या, अगदी दीड मीटरवरच्या विषयांत कळले, आणि हे कळायला दोन हिवाळे आणि एक पावसाळा जावा लागला.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा काचांचा एक छोटा संच. मूळ लेन्स जी प्रतिमा तयार करते, तिचा मधला भाग हा संच ताणून मोठा करतो आणि तोच सेन्सरवर पसरवतो. दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्यांना हे तत्त्व बार्लो लेन्सच्या रूपाने १९व्या शतकापासून ठाऊक आहे. प्रतिमा ताणली की तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून १.४ पटीला एक स्टॉप आणि २ पटीला दोन स्टॉप प्रकाश कमी होतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. माझी लेन्स १.४ पटीबरोबर ४२० मिमी एफ/५.६ होते आणि २ पटीबरोबर ६०० मिमी एफ/८. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद हा शटर स्पीड सोडायचा नसेल, तर जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० पुरत होती तिथे अनुक्रमे १६०० आणि ३२०० लागते. त्यातच माझा डी५०० कॅमेरा एफ/८ ला मधल्या मोजक्याच बिंदूंवर फोकस करू शकतो. जुन्या अनेक डीएसएलआरना, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांना, तर एफ/५.६ च्या पुढे आपोआप फोकस करताच येत नसे. मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस थेट सेन्सरवर होत असल्यामुळे ही अडचण आता बरीच मागे पडली आहे, मात्र प्रकाशाचा हिशेब तिथेही तोच राहतो.

पहिल्या हिवाळ्यात मी २ पटीचा कन्व्हर्टर घेऊन भिगवणला गेलो. कुंभारगावातून होडी उजनीच्या फुगवट्यात शिरली तेव्हा रोहित पक्ष्यांचा मोठा थवा समोर होता, आणि नावाडी, योग्यच करून, होडी त्यांच्यापासून बरीच दूर थांबवत होता. सकाळचे दहा वाजून गेले होते. घरी येऊन पाहिले तर जवळजवळ प्रत्येक चित्रात पक्ष्यांच्या माना वितळल्यासारख्या दिसत होत्या आणि पंखांतला गुलाबी व काळा रंग एकमेकांत मिसळला होता. मी प्रथम फोकसवर संशय घेतला, मग कन्व्हर्टरच्या काचेवर. कॅमेऱ्यातील फोकसची सूक्ष्म जुळणी त्या जोडीसाठी वेगळी करून पाहिली, आणि तिने थोडा फरक पडलाही. खरे कारण मात्र हवेत होते. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, आणि दोनशे मीटर अंतरावरील पक्ष्याकडून येणारा प्रकाश त्या थरथरीतूनच लेन्सपर्यंत पोहोचतो. कन्व्हर्टर पक्षी जितका मोठा करतो तितकीच ती थरथरही मोठी करतो. त्याच फेरीत सकाळी सात वाजता, होडीपासून पंधरा-वीस मीटरवर खुंटावर बसलेल्या नदी सुरयाची १.४ पटीने घेतलेली चित्रे मात्र पिसांपिसांपर्यंत स्वच्छ होती.

कन्व्हर्टर लावण्याऐवजी चित्र नंतर कापून घ्यावे, असे अनेक जण सुचवतात, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून मी तिपाईवर कॅमेरा ठेवून बारा मीटरवर लावलेल्या वर्तमानपत्राच्या पानाची चित्रे घेतली. माझ्या २०.९ मेगापिक्सेलच्या चित्रातून १.४ पटीइतके कापले की सुमारे १०.७ मेगापिक्सेल उरतात आणि २ पटीइतके कापले की जेमतेम ५.२. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने बारीक अक्षरे कापलेल्या चित्रापेक्षा निर्विवाद अधिक स्पष्ट दिली. २ पटीने एफ/८ ला फायदा थोडाच दिसला आणि एफ/११ पर्यंत गेल्यावर तो वाढला, परंतु एफ/११ ला पक्षी टिपण्याइतका प्रकाश आपल्याकडे पहाटे क्वचितच असतो. माझ्यापुरता निष्कर्ष असा झाला की मंद प्रकाशात आणि लांबच्या विषयासाठी २ पटीचा कन्व्हर्टर पिशवीतच ठेवावा आणि चित्र कापून घ्यावे.

मग पावसाळा संपता संपता मुळशीकडच्या भातखाचरांच्या बांधावर जे घडले त्याने माझा सगळा विचार बदलला. लेन्सवर १.४ पटीचा कन्व्हर्टर पक्ष्यांसाठी लावलेला होता आणि समोर गवताच्या काडीवर एक लाल चतुर (ड्रॅगनफ्लाय) बसला. ही लेन्स १.४ मीटरपर्यंत फोकस करते. कन्व्हर्टर लावल्यावर हे अंतर वाढत नाही, कारण फोकस मूळ लेन्सच करते आणि कन्व्हर्टर केवळ तिने बनवलेली प्रतिमा मोठी करतो. म्हणजे तेवढ्याच अंतरावरून वर्धन (विषयाच्या तुलनेत सेन्सरवरील प्रतिमेचा आकार) ०.२४ वरून सुमारे ०.३४ पटीपर्यंत जाते, आणि २ पटीने ०.४८ पर्यंत. पाच सेंटिमीटर लांबीचा चतुर नुसत्या लेन्सने साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर बारा मिलिमीटर जागा घेतो, १.४ पटीने सतरा आणि २ पटीने जवळजवळ पूर्ण रुंदी. मॅक्रो लेन्स घेऊन वीस-तीस सेंटिमीटरवर गेलो असतो तर तो चतुर केव्हाच उडाला असता. इथे मी दीड मीटर दूर बसून होतो आणि तो उडून पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येत होता. मधली हवा जेमतेम दीड मीटर, त्यामुळे थरथरीचा प्रश्नच उरला नाही, आणि तो स्थिर बसत असल्यामुळे १/५०० सेकंदही पुरत होता. भिगवणला जे जे आडवे आले होते, त्यांपैकी इथे काहीही नव्हते.

एकच गोष्ट फार सांभाळावी लागते. या अंतरावर फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, काही मिलिमीटरच असते, म्हणून चतुराचे शरीर सेन्सरला समांतर येईल अशा बाजूने, गुडघ्यांवर सरकत, जागा शोधावी लागते. टाचणी या चतुरासारख्याच नाजूक कीटकासाठी तर मी एफ/११ पेक्षा लहान आकडा वापरतच नाही.

ज्यांना कन्व्हर्टर घ्यायचा आहे त्यांनी तो आपल्या लेन्सला बसतो का, हे कंपनीच्या तक्त्यात आधी पाहावे. काही कन्व्हर्टरची पुढची काच लेन्सच्या आत शिरते आणि तिथे जागा नसेल तर दोन्ही काचांना इजा होऊ शकते. कॅननच्या आरएफ १००–५०० लेन्सला कन्व्हर्टर लावला तर ती ३०० मिमीच्या आत येत नाही, हेही अनेकांना खरेदीनंतर कळते.

२ पटीचा माझा कन्व्हर्टर आता चतुर, फुलपाखरे आणि चंद्र यांच्यासाठीच बाहेर निघतो. सेन्सरवरील चंद्रबिंब फोकल लेंग्थच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढे असते, म्हणजे ३०० मिमीला २.७ मिलिमीटर आणि ६०० मिमीला साडेपाच. चंद्र उन्हात उजळलेला असल्यामुळे एफ/८ चीही तिथे अडचण होत नाही. तो क्षितिजावर असताना मात्र मी कॅमेरा काढत नाही. तिथे पुन्हा तीच तापलेली हवा मध्ये येते, म्हणून तो डोक्यावर येईपर्यंत मी थांबतो.