तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज न चढवता बचत गट चालतो कसा?

मी आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाची अध्यक्ष आहे, आणि नव्याने अध्यक्ष झालेल्या बायका प्रशिक्षणाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "ताई, तुम्ही कुणावर आवाज चढवत नाही, मग बायका तुमचं ऐकतात कशा?" घरचे पुरुषही हाच प्रश्न विचारतात, पण वेगळ्या सुरात, त्यांच्या मते चार बायका जमल्या की भांडण ठरलेलेच, आणि भांडण होत नसेल तर हिशेबात काहीतरी घोळ असणार. त्यांना मी वही दाखवते. बायकांना मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण एकतर मऊ राहायचे नाहीतर कडक व्हायचे, अशी त्यांची समजूत झालेली असते. माझा अनुभव असा आहे की जिथे दुसऱ्यांचा पैसा हाताळायचा असतो तिथे यातले एक दुसऱ्यावाचून टिकत नाही.

मुळात अध्यक्षाच्या हाती अधिकार फारच थोडा असतो. गटात साधारण 10 ते 20 बायका असतात आणि त्या बहुधा एकाच आळीतल्या असतात. एकीची जाऊ ती दुसरीची नणंद, आणि सासू-सून एकाच वर्गणीदारांच्या यादीत नसल्या तरी एकमेकींच्या व्यवहारावर डोळा ठेवून असतात. कुणालाही पगार नाही, बढती नाही, कामावरून काढण्याची भीती नाही. आज बैठकीत जिला चारचौघींत टाकून बोलले, ती उद्या सकाळी गिरणीत दळणाचा डबा घेऊन माझ्या पुढेच उभी असते. ओरडल्यामुळे तिचा एखादा हप्ता वसूल होईलही, पण मग ती बैठकीला यायचे टाळते, पैसे मुलाच्या हाती पाठवते, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघी तसेच करू लागतात. गट फुटतो तो असा, हळूहळू. मोठ्या अफरातफरीने बुडालेले गट त्या मानाने कमी पाहिले आहेत.

नुसते गोड बोलूनही भागत नाही. 1992 साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ही सगळी रचना एकमेकींच्या विश्वासावर उभी आहे: बँक कर्ज देते ते गटाला, 20 लाखांपर्यंत त्यासाठी तारणही मागत नाही, आणि म्हणूनच एकीने हात वर केले की पुढच्या कर्जाची वाट सगळ्यांचीच अडते. हप्ता थकलेल्या बाईची दया येऊन मी गप्प बसले, तर त्या गप्प बसण्याची किंमत शिलाई मशीनसाठी किंवा शेळ्यांसाठी पुढच्या कर्जाकडे डोळे लावून बसलेली दुसरी बाई मोजते. दुसरीच्या खिशातून दाखवलेल्या उदारपणाला दया म्हणणे मला पटत नाही.

मग हप्ता थकला की मी काय करते? बैठकीच्या आधी तिच्या घरी जाते, एकटीच जाते, आणि जाताना वही नेत नाही. काही खासगी वित्तकंपन्यांचे वसुलीचे लोक दारात बसून राहतात, गटातल्या इतर बायकांनाही तिथेच बसवून ठेवतात, आणि हप्ता हाती पडेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. तो प्रकार आमच्या भागातल्या बायकांनी पाहिलेला आहे, त्यामुळे अध्यक्ष दाराशी आली की काहींच्या पोटात गोळा येतो. म्हणून पहिली दहा मिनिटे पैशाचा विषयच काढायचा नाही. विचारले की कारण बहुतेकदा साधेच निघते: मजुरी अडकलेली असते, घरात आजारपण असते, जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांवर खर्च झालेला असतो. क्वचित असेही निघते की कर्ज तिने घेतलेच नव्हते, तिच्या नावावर दिराने घेतले होते. ही गोष्ट चारचौघींत विचारली असती तर कधीच कळली नसती.

अडचण घरात ऐकायची, पण निर्णय बैठकीतच घ्यायचा, हे मात्र मी कटाक्षाने पाळते. आपली अडचण किती सांगायची आणि किती झाकायची हे ती बाई ठरवते. हप्ता अर्धा करायचा की मुदत वाढवायची हे सगळ्याजणी मिळून ठरवतात आणि ठराव लिहिला जातो. दंड मात्र भरावा लागतो. दंडाची रक्कम आमच्याकडे अगदी किरकोळ आहे, आणि उशिरा आल्याबद्दल मीही तो भरलेला आहे. दंड माफ करायचा असेल तर गटाने ठराव करून करावा, माझ्या एकटीच्या शब्दावर तो माफ होत नाही. नव्या अध्यक्षांना नेमकी हीच गोष्ट जड जाते. एकीला परस्पर सूट दिली की ती आपली मिंधी होते, आणि जिला दिली नाही ती वैरी होते. महिनाभरात गटात "ताईंच्या बाजूच्या" आणि "दुसऱ्या बाजूच्या" अशा दोन फळ्या पडतात. सर्वांना सारखा नियम असला की मला कुणाशीही गोडच वागता येते, कारण माझ्या गोड वागण्यातून कुणाला काही मिळवायचे उरत नाही.

या नियमांचे श्रेय माझे नाही. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन ही पंचसूत्री राज्य सरकारच्या 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असते. पाठ असणे आणि पाळणे यांत जे अंतर पडते, ते बहुतेकदा हिशेबलेखनापाशी पडते. अध्यक्षाला घाई असते, सचिव हळू वाचते, मग "राहू दे, मी सांगते" म्हणून वही अध्यक्ष आपल्याकडे ओढते. मी ती ओढत नाही. आमची सचिव बोट ठेवून वाचते, बैठक त्यामुळे लांबते, चुलीवर भात ठेवून आलेल्या कुरकुरतात. पण कुणाकडे किती बाकी आहे हे प्रत्येकीच्या कानावर पडते आणि शंका वहीसमोरच फिटते. शिवाय आमच्याकडे पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. किल्ली जिच्याकडे आहे ती माझ्याशी सर्वांत जास्त वाद घालणारी बाई आहे, आणि ती तिच्याकडे असावी असे मीच सुचवले होते.

आत्मविश्वासाचे म्हणाल, तर त्याची खरी परीक्षा बँकेत होते. साहेब बोलताना आमच्यापैकी कुणाकडे न पाहता गाडी चालवत आलेल्या भावाकडे पाहतात, किंवा फार तर अध्यक्षाकडे. अशा वेळी मी सगळी उत्तरे स्वतः देऊ शकते आणि बायका मागे उभ्या राहून कौतुकाने ऐकतीलही, पण मग पुढच्या वेळी माझ्याशिवाय कुणी बँकेची पायरी चढणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली, तिची गोष्ट मी यासाठीच सांगते. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने सभासद बायका निरक्षर आहेत या कारणावरून नाकारला. पुन्हा जाताना त्या एकट्या गेल्या नाहीत, बायकांना बरोबर घेऊन गेल्या. आणि त्या बायकांनी अधिकाऱ्यांना सांगितले की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला विचारा, तुमचे अधिकारीही यंत्राशिवाय ते काढू देत, मग कोण आधी सांगते ते पाहू. परवाना मिळाला. चेतनाताई शिकलेल्या, बोलक्या. बायकांच्या वतीने त्या सहज बोलल्या असत्या. त्यांनी बायकांनाच बोलू दिले, आणि मला विचाराल तर ठामपणा म्हणतात तो हाच. आम्हीही आता बँकेत गेल्यावर कर्जाचा हिशेब कोषाध्यक्षाला सांगायला लावतो. ती अडखळली तरी मध्ये बोलायचे नाही, असे आमचे ठरले आहे. साहेबांना वाट पाहावी लागते, आणि ते पाहतात.

काही बाबतींत मी सौम्य राहत नाही, हेही सांगायला हवे. थकलेल्या बाईबद्दल तिच्या माघारी कुणी बोलू लागले की मी विषय तिथेच तोडते, मग बोलणारी वयाने मोठी असली तरी. पैशाची अडचण एकांतात ऐकायची, पण पदाधिकाऱ्यांविषयीची तक्रार मात्र बैठकीत, त्यांच्या तोंडावर व्हायला हवी. उलटे झाले की गट कुजबुजीवर चालू लागतो.

ठरावीक काळाने पदाधिकारी बदलायचे असे आमच्या गटाने ठरवले आहे आणि आता माझी पाळी संपत आली आहे. नव्या अध्यक्षपदासाठी किल्ली सांभाळणाऱ्या त्याच बाईचे नाव पुढे आले आहे, आणि मी अनुमोदन दिले आहे. तिचा आवाज फार मोठा आहे, अशी तक्रार घेऊन दोघीजणी माझ्या घरी येऊन गेल्या. त्यांना मी चहा दिला आणि हे म्हणणे येत्या बैठकीत तिच्यासमोर मांडायला सांगितले.