मराठीत का नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, दिवाळी अंकाच्या समारंभात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना मला हेच विचारलं गेलंय: "फ्रेंच येतं, मराठी तर घरचीच, मग ज्यूल व्हर्नचं भाषांतर इंग्रजीत कशाला करता? मराठीत करा की. इंग्रजीत आहेच सगळं."

पैसे जास्त मिळतात, असं सांगून मी पूर्वी मोकळी व्हायचे. लोकांना ते लगेच पटतं. खोटंही नाही, फक्त 'जास्त' म्हणजे किती ते विचारू नका.

पण खरी गोम त्या 'आहेच सगळं'मध्ये आहे. भा. रा. भागवतांमुळे आपल्याला व्हर्न लहानपणीच भेटला. नॉटिलस पाणबुडीचा कॅप्टन नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, हे त्याच्या 'मिस्टीरियस आयलंड' कादंबरीच्या शेवटी उलगडतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. (तो टिपू सुलतानाचाही नातलग कसा, ते व्हर्नच जाणे.) फ्रेंचमध्ये १८५७ च्या उठावाचा प्राण हा डक्कारच. स्वतःचा पैसा ओततो, स्वतः लढतो, वीस चकमकींत दहा वेळा जखमी होतो. १८७५ साली लंडनला निघालेल्या इंग्रजी पुस्तकात हे साफ उलटं फिरवलंय. तिथं इंग्रज राज्यकर्ते देशाला अराजकातून बाहेर काढून शांतता नि भरभराट आणणारे, आणि अडाणी, अंधश्रद्ध प्रजेला महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी त्यांच्याविरुद्ध चिथावलेलं. व्हर्ननं यातलं अक्षरही लिहिलेलं नाही. हे भाषांतर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर आहे, पण काम त्यांच्या पत्नीचं, ॲग्नेसचं. बेटावर अडकलेल्यांचा म्होरक्या सायरस स्मिथ, त्याचा सायरस हार्डिंग केलाय, ते त्यामानानं किरकोळ.

२००१ साली सिडनी क्रॅविट्झ आणि जॉर्डन स्टम्प यांची दोन चोख भाषांतरं आली. मग मी कशाला? कारण जुन्याचे हक्क कधीच संपलेत, ते फुकट मिळतं, म्हणून नव्या मुखपृष्ठाखाली तेच पुन्हा पुन्हा छापलं जातं. निदान मी स्वतःला तरी असं सांगून कामाला लागले.

पुढचं सांगायचं आजवर टाळलं. तिकडच्या एका प्रकाशनसंस्थेला मी नेमोच्या शेवटाची प्रकरणं नमुना म्हणून पाठवली. त्यांनी ती एका जाणकाराकडे अभिप्रायासाठी दिली. अभिप्राय आला तो गोडच होता. इंग्रजी ओघवतं आहे, समुद्र छान उतरलाय वगैरे. मग शेवटून दुसरा परिच्छेद: १८५७ च्या भागात भाषांतरकर्तीनं आपल्या राष्ट्रीय भावना मजकुरात घुसवलेल्या दिसतात, तिची पार्श्वभूमी पाहता हे समजण्यासारखं आहे, पण वाचकाशी प्रामाणिक नाही. पुरावा म्हणून खाली दोन रकाने. डावीकडे माझी वाक्यं, उजवीकडे 'मूळ'. आणि ते मूळ म्हणजे १८७५ चं इंग्रजी!

चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. 'समजण्यासारखं आहे' याच्याशी कसं भांडायचं? त्याच रात्री फ्रेंच पानांचे फोटो काढले, ओळीओळीला पेन्सिलीनं आकडे टाकले आणि तिसरा रकाना जोडून पाठवून दिला. दोन दिवसांनी आभाराचं पत्र आलं. पुस्तक घेतो म्हणाले. अभिप्रायाबद्दल अवाक्षर नाही. माझ्या आडनावाचाही उल्लेख कुठं नव्हता, पहिल्या पत्रात नाही की दुसऱ्या नाही. क्रॅविट्झ किंवा स्टम्पवर कोणी असा संशय घेतला असता का? मी तरीही पुस्तक दिलं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. मलाही वाटतं.

ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण ती पानं लिहिताना तुला बरं वाटलंच असेल ना?"

वाटलं होतं. बुंदेलखंडाचं नाव निघालं की माझ्यातली शाळकरी पोर झाशी, काल्पी करत धावत सुटते. म्हणून तर सगळ्यात जास्त कात्री मी त्याच पानांवर चालवली. एक शब्द जास्तीचा नाही तिथं. पण इतकी काळजी मी वादळाच्या किंवा ज्वालामुखीच्या पानांवर घेतली का? नाही घेतली. मग जाणकार अगदीच चुकला म्हणू का? म्हणणारच. तो फ्रेंच न उघडता बोलला.

आणखी एक, जे मी लग्नात सांगत नाही. व्हर्नच्या मनातला नेमो आधी पोलिश होता, रशियाचा सूड घेणारा. प्रकाशक एत्झेलनं रशियातला खप बघून नको म्हटलं. आपला राजपुत्र त्यानंतरचा.

आणि मरायला टेकलेल्या नेमोला सायरस स्मिथ ऐकवतो की भूतकाळ पुन्हा जिवंत करता येईल असं मानलंत ही तुमची चूक, तुम्ही आवश्यक प्रगतीशी लढलात. हे किंग्स्टनचं नव्हे, खुद्द व्हर्नचं. माझ्या घशाखाली ते आजही उतरत नाही. इंग्रजीत जसंच्या तसं ठेवलंय. मराठीत ठेवलं असतं? तरुणपणीची मी म्हणते, अर्थात, भाषांतर म्हणजे भाषांतर. तिला बोलायला काय जातं! मराठीत समोर तुम्ही असता, टाळ्या वाजवायला तयार. इंग्रजीत निदान माझ्यावर पहारा आहे, भलत्या कारणानं का असेना.

आता संपादकांना १८५७ च्या पानावर तळटीप हवी आहे: 'हा मजकूर मूळ फ्रेंचबरहुकूम आहे.' स्मिथच्या वाक्याला नको म्हणतात, तिथं कोणाला शंका येणार नाही. मी कळवलंय, द्यायची तर दोन्हीकडे द्या, नाहीतर कुठंच नको. सध्या गाडी तिथंच अडली आहे.