एक बूट आणि दोनशे दहा पावलं

दोन लहान मुलांना घेऊन घराबाहेर पडणं काय प्रकार असतो, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. धाकटीला कपडे चढवेपर्यंत थोरल्यानं पायातले मोजे काढून फेकलेले असतात. त्याला पुन्हा मोजे घालावेत तर बूट एकच सापडतो. दुसरा शोधेपर्यंत धाकटीनं शी केलेली असते. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

आधीच्या घरापासून बाग पंधरा मिनिटांवर होती. नकाशात बघून कुणीही म्हणालं असतं, जवळच आहे की! पण ती पंधरा मिनिटं माझ्या एकटीच्या चालीची. बरोबर तीन वर्षांचा मुलगा असला की चाळीस होतात, कारण वाटेतल्या प्रत्येक झाकणावर उडी मारून ते वाजतं का हे बघायचं असतं. येताना तो कडेवर आणि मी एका हातानं बाळाची गाडी ढकलतेय. मग जाणंच कमी झालं. कधीतरी सुट्टीच्या दिवशी ठरवून, पिशव्या भरभरून निघायचो आणि परत यायचो तेव्हा मी निघतानापेक्षा जास्त वैतागलेली असायचे.

गेल्या वर्षी घर बदललं. बागेसाठी नव्हे, जुन्या जागेत चार माणसं मावेनाशी झाली म्हणून. नव्या घराच्या दारापासून बागेचं फाटक दोनशे दहा पावलांवर आहे. मी मोजलीत. थोरल्याची किती होतात ते सांगता येत नाही, तो मधेच उलटा फिरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं शहरांसाठी एक ढोबळ नियम सांगितलाय: घरापासून 300 मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवळ असावी. पूर्वी हे वाचलं असतं तर म्हटलं असतं, 300 काय नि 900 काय, पाय मोडलेत का लोकांचे? आता पटतं. लहान मूल असलं की पाय मोडल्यासारखेच असतात. दूरची बाग म्हणजे कार्यक्रम. जवळच्या बागेत मात्र अर्ध्यातून उठून परत येता येतं, आणि दहाच मिनिटं बसून आलो तरी वाया गेल्यासारखं वाटत नाही.

घर बदलल्यापासून माझा आवाज चढणं कमी झालंय. नवऱ्यानंच हे आधी बोलून दाखवलं, तेही जरा जपून. पण श्रेय झाडांना द्यायचं का? एक खोली वाढली, धाकटी रात्री थोडी जास्त झोपू लागली, मीही निर्ढावले असेन. शिवाय हिरवळीजवळची घरं बऱ्याचदा महाग असतात, तेव्हा तिथली माणसं निवांत दिसली तर त्यात झाडांचा वाटा किती आणि पैशाचा किती, कसं सांगणार?

म्हणून शिकागोचा एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तिथे रॉबर्ट टेलर होम्स नावाची सरकारी वसाहत होती. एकसारख्या सोळा-सोळा मजली 28 इमारती, राहणारे सगळे गरीब. काही इमारतींपुढे झाडं आणि गवत टिकलेलं, काहींपुढे नुसतं काँक्रीट. कुणाला कुठली इमारत मिळेल ते राहणाऱ्यांच्या हातात जवळजवळ नव्हतंच. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी तिथल्या 145 बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांना आकडे उलट्या क्रमानं म्हणायला लावून लक्ष किती टिकतं तेही तपासलं. 2001 साली निष्कर्ष छापून आले. नुसतं काँक्रीट पुढे असलेल्या इमारतींमधल्या बायकांचं लक्ष जास्त थकलेलं होतं, आणि त्यांच्या घरांत भांडणं नि हाणामारीही जास्त होती.

हे थकलेलं लक्ष मला चांगलंच ओळखीचं आहे. दिवसभर माझा एक कान पलीकडच्या खोलीत असतो. आवाज आला तर काय पडलं, आणि नाही आला तर आणखीच वाईट. हातात कुठलंही काम असो, डोक्यात जिन्याचं दार, प्लगची भोकं, धाकटीच्या तोंडात काय गेलं हे सतत चालू. रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचं म्हणणं असं की असं मुद्दाम रोखून धरलेलं लक्ष थकतं, आणि थकलं की माणूस चिडका होतो. पानांची सळसळ, हलणाऱ्या सावल्या यांच्यात मन आपसूक, फार जोर न लावता गुंततं आणि तेवढ्यात त्या थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

माझी यात एक भर आहे. झाडाखाली माझ्यापेक्षा मुलाचं मन जास्त गुंततं, आणि मला खरी सुट्टी मिळते ती त्यामुळे. घरात दर दहा मिनिटांनी नवा खेळ मला काढावा लागतो. इथे मुंग्यांची रांग असते. परवा त्यानं त्या रांगेत एक काडी आडवी ठेवली आणि उकिडवा बसून राहिला. मुंग्या गोंधळल्या, दोन-तीन काडीवर चढल्या, बाकीच्या वळसा घालून गेल्या. त्यानं काडी जरा सरकवली. पुन्हा गोंधळ. एवढ्या वेळात एकदाही ‘आई’ अशी हाक आली नाही. मी मुळावर टेकून बसले होते, धाकटी मांडीवर. त्या झाडाचं नाव मला अजून माहीत नाही.

मात्र बागेतली झोपाळ्यांची बाजू मी टाळते. तिथे नंबर लावा, ढकलाढकली सोडवा, वर ‘तुमचा अजून डायपरमध्येच?’ हे ऐका. डोकं शांत व्हायचं सोडून फिरतं. सगळी बाग रबरी फरशी घालून रंगीत करायची हौस ज्यांना असते, त्यांनी एकदा मूल घेऊन दोन्हीकडे अर्धा-अर्धा तास बसून बघावं. झाडाखालीही कुत्र्याची शी असते, काटे असतात, धाकटी माती खाते. डोळ्यांत तेल घालावं लागतंच, पण जरा कमी.

2019 च्या एका प्रयोगात 36 जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजलं होतं. निसर्गात 20 ते 30 मिनिटं घालवली की ते सर्वांत झपाट्यानं उतरतं, असं दिसलं. अटी होत्या: फोन नको, वाचन नको, गप्पा नकोत. हे वाचून मी मोठ्यानं हसले. तीन वर्षांचं मूल सोबत असताना गप्पा नकोत म्हणे!

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघंही रडत होती आणि दुसरा बूट काही केल्या मिळेना. जुन्या घरी असते तर बेत रद्द, आरडाओरडा, शेवटी कार्टून. त्या दिवशी त्याला तसंच अनवाणी नेलं. वीस मिनिटांत परत आलो. पाय धुताना पाणी काळं झालं, एवढंच.

बूट दुसऱ्या दिवशी मिळाला, बाळाच्या गाडीच्या खालच्या कप्प्यात. वाळक्या पानांनी टाचेपर्यंत गच्च भरलेला. तो रिकामा करायची मला अजून परवानगी नाही.